रोवण्यात सोडलेली बिडी: पहिले पंधरा दिवस कसे काढायचे

माझं गाव साकोली तालुक्यात, चुलबंद नदीपासून दोनेक किलोमीटर आत. साडेतीन एकर धानाचं वावर, एक बैलजोडी, एक म्हैस. वयाच्या १७ व्या वर्षी तेंदूपत्त्याच्या फळीवर (पानं गोळा करतात त्या जागी) पहिली बिडी ओढली, ती ४७ व्या वर्षापर्यंत ओढत राहिलो. शेवटी-शेवटी दिवसाला दीड कट्टा लागायचा, म्हणजे तीसेक बिड्या. धानाचं पोतं पाठीवर घेऊन घराच्या चार पायऱ्या चढलो की ते खाली ठेवून दम खावा लागे. आता चार वर्षं झाली, बिडी सुटली आहे. गावातले तिघं-चौघं मागं लागले, ‘कसं केलं ते सांग ना गा’, म्हणून त्यांना पारावर बसून जे सांगितलं तेच इथं नीट लिहून काढतो आहे. बिडी वाईट का, हे सांगत बसत नाही. ते ओढणाऱ्याला सगळ्यात जास्त माहीत असतं. सोडायचं ठरलं आहे पण पहिले दिवस निभत नाहीत, अशांसाठी हे आहे.

त्याआधी माझी दोनदा सुटून पुन्हा लागली होती. पहिल्यांदा मे महिन्यात सोडली. वावरात काम नाही, लग्नाच्या तिथी दाटलेल्या, आणि सकाळी सारा गाव तेंदूपत्त्याला जंगलात. घरी येऊन ७० पानांचा एकेक पुडा बांधायला बसलो की चारी बाजूंना बिड्याच. चौथ्या दिवशी लागली. दुसऱ्यांदा बिडीच्या जागी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) धरला, त्याचं पुढं सांगतो. दोन्ही वेळा मी नुसता दात-ओठ खाऊन तलफेशी झुंजत होतो. तिसऱ्यांदा झुंज सोडून दिली. दिवसभरातली कोणती बिडी माझं कोणतं काम करते ते शोधलं, आणि त्या-त्या कामावर दुसरा गडी लावला. माझ्या अनुभवातलं मोलाचं काय ते एवढंच. बाकी सगळं त्याचाच विस्तार.

आधी चार दिवस मोजा

सोडायच्या आधी चार दिवस बिडी कमी करू नका. ओढा, पण दर वेळी लिहा. मी जुन्या कॅलेंडरचं पान चार घड्या घालून खिशात ठेवलं होतं, सोबत पेन. किती वाजता, कुठं, काय करत होतो, आणि खरंच पाहिजे होती का. पहिल्या दिवशी लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून डोळे उघडले.

तीस बिड्यांपैकी अंगानं मागितलेल्या आठ-नऊच निघाल्या. उठल्याबरोबरची, परसाकडं जातानाची, चहाबरोबरची, जेवल्यावरची. बाकीच्या एकवीस-बावीस कशाच्या? कोणी पेटवली म्हणून मी पेटवली. बस यायची आहे म्हणून पेटवली. बैल पाणी पितात तोवर पेटवली. मोटर सुरू केली आणि पाणी बांधीत (धानाच्या खाचरात) पोहोचेपर्यंत धुऱ्यावर (बांधावर) बसून पेटवली. भावासोबत हिश्शाच्या वावराचं बोलायचं होतं, तोंडातून शब्द निघत नव्हता, म्हणून लागोपाठ दोन. मी कागदावर त्यांना नावंच देऊन टाकली: पोटाची, चहाची, जेवणाची, सोबतीची, वाट पाहण्याची, रागाची. तुमची नावं वेगळी निघतील. नाव दिलं की तिच्याजागी काय ठेवायचं ते आपोआप सुचत जातं. ‘बिडी सोडायची’ हे एकदम डोंगराएवढं वाटतं. ‘बसस्टॉपवरची सोडायची’ हे जमण्यासारखं वाटतं.

आणखी एक खूण त्याच कागदावर दिसते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली बिडी लागत असेल, तर निकोटिनची पकड अंगावर जास्त आहे असं समजा. अशा माणसानं डॉक्टरला विचारून, औषधाची तयारी ठेवून दिवस धरावा. मी त्यातलाच होतो.

दिवस कोणता धरायचा

मी रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, हंगामात सोडली, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात. लोकांना हे उलटं वाटलं. पावसात भिजलेला माणूस बिडी नाही ओढणार तर काय करणार, असं म्हणाले. पण रोवण्यात हात सकाळी आठपासून चिखलात असतात. परहे (धानाची रोपं) उपटायचे, जुड्या बांधायच्या, बांधीत फेकायच्या. बिडी काढायची तर हात धुवायचे, पुसायचे, कोरडी माचीस शोधायची. तेवढ्यात तलफ निघून जाते. आणि रात्री अंग इतकं मोडून येतं की झोप हाक मारायच्या आधी येते. पहिल्या आठवड्यात झोप उडते, त्यावर यापेक्षा चांगलं औषध मला सापडलं नाही.

तिकडं यवतमाळ-अमरावतीकडच्या कास्तकारानं पेरणी, डवरणी किंवा सोयाबीन कापणीचे दिवस धरावेत. तत्त्व तेच: हात गुंतलेले, अंग थकणारं, आणि पारावर बसायला सवड नाही असे पंधरा दिवस. रिकामे दिवस, लग्नसराई, बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज नवंजुनं करायची धावपळ, यात हात घालू नका.

आदल्या संध्याकाळी घर झाडून काढा. सदऱ्याचे खिसे, देवळी, छपराचे वासे, बैलबंडीची पेटी, मोटरच्या डब्याचं टप. मी सगळीकडून मिळून अकरा बिड्या आणि पाच माचिसा काढल्या. बिड्या पाण्यात कुस्करून उकिरड्यावर टाकल्या. नुसत्या फेकल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी उचलून वाळवल्या असत्या, मला माझं माहीत होतं. पांघरूण, दुपट्टा, रोजचे दोन सदरे धुवायला दिले, कारण वासानंही आठवण होते.

मग पानठेल्यावर जा आणि उधारीचं खातं मिटवा. गावातली बिडी पैशावर कमी आणि वहीवर जास्त चालते. मी १४० रुपये दिले, माझ्या नावाचं पान त्याला खोडायला लावलं, आणि म्हटलं, ‘मी स्वतः येऊन मागितली तरी पंधरा दिवस देऊ नको.’ तो वयानं माझ्यापेक्षा लहान आहे, मला काकाजी म्हणतो. त्यानं खरंच शब्द पाळला. पाचव्या दिवशी मी जाऊन उभा राहिलो, तर त्यानं मला सोपेची पुडी दिली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

पहिली सकाळ: पोटाची बिडी

यावर थोडं जास्त लिहितो, कारण आमच्याकडं अर्धे लोक इथंच अडकतात. ‘बिडीशिवाय पोट साफ होत नाही’, हे मी तीस वर्षं म्हणत आलो. आणि ते खोटं नाही. निकोटिन आतड्याला चालना देतं. ते एकदम बंद झालं की पहिले आठ-दहा दिवस बद्धकोष्ठ होतं. तीन दिवस पोट जड, डोकं जड, तोंडाला चव नाही, आणि मग माणूस म्हणतो, औषध म्हणून एक ओढतो. ती एक कट्ट्याची पहिली असते.

मी असं केलं. रात्री जेवल्यावर इसबगोलाचा दोन चमचे भुसा, त्यावर मोठा गडवाभर पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट घट्ट करतं, म्हणून पाण्यात कंजुषी नको. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून दोन पेले कोमट पाणी, आणि घरात न थांबता वावराच्या वाटेनं चालायला लागायचं. पावसाळ्याचे दिवस असल्यानं ताटात रोज पालेभाजी होती: तरोटा, अंबाडी, कधी चवळीचा पाला. संध्याकाळी एक पेरू. पहिले दोन दिवस काही झालं नाही, मी बसून राहिलो आणि चिडलो. चौथ्या दिवशी सकाळी पाणी पिऊन वाटेला लागलो आणि अर्ध्या वाटेतून परत यावं लागलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे सुटेल. ज्याला ही अडचण नाही त्याला यातलं महत्त्व कळणार नाही, पण ज्याला आहे त्यानं सोडायच्या दोन दिवस आधीपासूनच इसबगोल आणि भाजी सुरू करावी.

तिसरा दिवस

निकोटिन अंगात फार टिकत नाही. दोनेक तासांत निम्मं उतरतं, आणि दोन-तीन दिवसांत जवळजवळ सगळं निघून जातं. म्हणून दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात कठीण. हे आधीच माहीत असलं तर बरं, नाहीतर माणसाला वाटतं की आता जन्मभर असंच राहणार. तसं नसतं. आठवडाभरानं उतार लागतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक त्रास मागं पडतो.

माझा तिसरा दिवस मला तासातासानं आठवतो. दुपारनंतर पाऊस जोरात आला, तसे आम्ही चौघं मोहाच्या झाडाखाली पन्नी पांघरून उभे राहिलो. बाजूच्या वावरातल्या भाऊनं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडली, आतून कट्टा काढला. एक बिडी घेतली, कानाजवळ नेऊन दोन बोटांत फिरवली, ओली आहे का कोरडी ते ऐकायला. मग उलट्या बाजूनं फुंकर मारली, तोंडात धरली, दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. काडी ओढल्याचा आवाज आला आणि माझ्या तोंडात खरोखर पाणी सुटलं. छातीत पोकळी पडल्यासारखं झालं, हाताची बोटं आपोआप पुढं झाली. ‘घे ना बापा, एकानं का होते?’ तो म्हणाला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पावसात भिजणाऱ्या सोबत्याला बिडी देणं ही आमच्याकडं माया असते.

मी खिशातला फोन काढून वेळ पाहिली. चार वाजून दहा मिनिटं. त्याला म्हटलं, ‘आज नको जी’, आणि पन्नीतून बाहेर निघून पावसात बांधीत उतरलो. उपटून ठेवलेल्या परह्यांच्या जुड्या उचलून पलीकडच्या बांधीत फेकायला लागलो. एकेक जुडी, मोजत. पहिल्या दहा जुड्यांपर्यंत डोक्यात फक्त बिडी होती. वीस झाल्या तेव्हा पाय चिखलात रुतल्याचं जाणवलं. चाळिसाव्या जुडीला पाठ दुखते आहे हे कळलं. पुन्हा फोन पाहिला तर चार वाजून सतरा मिनिटं. सात मिनिटं. तीस वर्षं मी ज्याला मालक मानलं त्याचा जोर सात मिनिटांचा होता.

तेव्हापासून मी हेच सांगतो. तलफ आली की घड्याळ पाहा. बहुतेक पाच ते दहा मिनिटांत ती ओसरते, तुम्ही ओढा की न ओढा. तेवढा वेळ त्याच जागी बसून काढू नका. उठा, जागा सोडा. पाणी प्या, घोट-घोट. नाकानं सावकाश श्वास घ्या, तोंडानं त्याहून सावकाश सोडा, दहा वेळा. बिडी ओढताना जो लांब श्वास मिळायचा, त्यातला आराम अर्धा त्या श्वासाचाच होता. आणि ‘जन्मात ओढणार नाही’ असं त्या क्षणी म्हणू नका. ‘आज नको’ म्हणा. पुढचं उद्या पाहता येतं.

चहाचं गणित

बिडी सोडल्यावर माझे हात थरथरायला लागले, छाती धडधडायची, रात्री डोळा लागेना. मला वाटलं बिडी सुटल्यामुळं. ते अर्धंच खरं निघालं. बिडीच्या धुरामुळं यकृत चहातलं कॅफिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की तोच चहा अंगात जास्त वेळ राहतो. म्हणजे आधी सहा कप पचत होते, तेच सहा कप आता कितीतरी जास्त लागतात. चहा निम्म्यावर आणा, आणि दुपारी चारनंतर घेऊ नका. मी सकाळी एक आणि दुपारी एक ठेवला. तोही बसायची जागा बदलून: आधी अंगणात खाटेवर बसून चहा-बिडी चालायची, आता रांधणीत चुलीसमोर बसून, कप खाली ठेवला की उठायचंच.

याच कारणानं काही औषधांचाही जोर वाढतो. दम्यासाठी थिओफायलिनची गोळी सुरू असेल तर बिडी सोडतो आहे हे डॉक्टरला आधी सांगा. मात्रा बदलावी लागू शकते. शुगरची, डोक्याच्या आजाराची औषधं घेणाऱ्यांनीही सांगून ठेवावं.

खर्रा धरू नका

हे मी हात जोडून सांगतो. आमच्या भागात बिडी सोडणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो खर्ऱ्याचा. ‘धूर नाही ना, मग काय?’ मीही ऐकलं होतं. ठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घालून घोटून देतात, गालात धरला की दहा मिनिटांत तलफ शांत. कारण साधं आहे, तेच निकोटिन दुसऱ्या दारानं आत गेलं. त्यात सुपारी आली, आणि सुपारी एकटीसुद्धा कर्करोग करणारी आहे. मी सात महिने खाल्ला. तोंड उघडायला जड जाऊ लागलं, तिखट लागलं की गालाची आग व्हायची, आणि त्यावर बिडीही परत सुरू झाली. दोन्ही. शाळेतली पोरं आज गालात तेच धरून बसतात, त्यांना पाहून जीव तुटतो. बायकांमध्ये नस (तंबाखूची पूड) दातांना घासायची सवय आहे, तीही तंबाखूच. बिडीच्या जागी तंबाखूचं दुसरं काहीही येऊ देऊ नका.

‘कागदाच्या सिगारेटपेक्षा पानाची बिडी बरी’, हेही ऐकाल. बिडीत तंबाखू कमी असतो खरा, पण तेंदूचं पान नीट जळत नाही, सारखी विझते, म्हणून जोरानं आणि वरचेवर ओढावी लागते. धूर छातीत जास्त जातो. शहरातल्या पाहुण्यानं सिगारेट पुढं केली आणि तुम्ही ‘ही हलकी आहे’ म्हणून घेतली, तरी तेच.

तोंडात काहीतरी पाहिजेच असतं, ते मान्य करा. मी खिशात भाजलेले फुटाणे ठेवायचो. घरी मीठ लावून भाजलेलं जवस, सुकवलेला आवळा, सोप, लवंग. लवंग दाढेखाली धरली की बराच वेळ पुरते. गोड बिस्किटं ठेवू नका. भूक दुप्पट लागते, जिभेला चव परत येते, वजन चार-पाच किलो वाढू शकतं. माझं चार वाढलं. त्याची काळजी पहिल्या महिन्यात करायची नाही.

गोळी, दवाखाना आणि फोन

आमच्या आशाताईनं मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, जिल्हा रुग्णालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळतं, तिथं जाऊन बोल. दुसरी, फोन नंबर: १८००-११-२३५६. हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. २०१८ पासून तंबाखूच्या पाकिटांवर हाच नंबर छापतात. ज्या कट्ट्यातून मी बिड्या काढत होतो त्याच्यावरच होता आणि मी कधी वाचला नव्हता. मी धुऱ्यावर बसून लावला. मराठी-हिंदी मिसळून बोललो. पलीकडच्या बाईंनी किती ओढता, कधीपासून, पहिली किती वाजता, कोणता दिवस धरला, सगळं शांतपणे विचारलं. नंतर त्यांचाच फोन आला, कसं चाललं विचारायला. गावात सगळे ओळखीचे असतात, त्यामुळं मन मोकळं करायला कधी-कधी अनोळखी माणूस बरा पडतो.

निकोटिनची चघळायची गोळी औषधाच्या दुकानात मिळते. २ मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते. जास्त ओढणाऱ्याला ४ ची लागू शकते, ती डॉक्टरला विचारून. हृदयाचा त्रास होऊन गेला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर २ ची सुद्धा विचारल्याशिवाय नको. पण ती कशी खायची हे बहुतेकांना कोणी सांगत नाही, आणि मग ‘काही उपयोग नाही’ म्हणून फेकून देतात. ती च्युइंगगमसारखी सारखी चावायची नसते. सावकाश चावा, जिभेला तिखट लागलं की थांबा, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा. चव गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा, बाजू बदलून ठेवा. असं अर्धा तास. भराभर चावून रस गिळला तर उचकी लागते, पोटात जळजळतं. चहा किंवा आंबट काही घेतलं असेल तर पंधरा मिनिटं थांबून मग गोळी. मी पहिल्या महिन्यात दिवसाला आठ-नऊ घेतल्या, मग हळूहळू कमी करत तिसऱ्या महिन्यात बंद केल्या. गोळीचा खर्च बिडीपेक्षा जास्त झाला, हे खरं. पण तीन महिन्यांचाच. पुढं दिवसाचे ३० रुपये बायको डब्यात टाकत गेली, वर्षाला त्याचे १०,९५० होतात. त्यातून फवारणीचा बॅटरी पंप आला.

अंगाला काय काय होतं

खोकला वाढतो. पाचव्या-सहाव्या दिवशी मला काळसर कफ पडायला लागला आणि मी घाबरलो, की सोडल्यानं आजार बाहेर आला. श्वासनळीत बारीक केसांसारखी झाडणी असते, धुरानं ती लुळी पडलेली असते. धूर थांबला की ती पुन्हा काम करायला लागते आणि साचलेलं बाहेर ढकलते. गरम पाणी पीत राहा. मात्र थुंकीत रक्त दिसलं, ताप आला, वजन उतरत चाललं, किंवा खोकला दोन आठवड्यांच्या पुढं गेला तर थांबू नका, थुंकी तपासून घ्या. छातीत दुखलं तर त्याच तासाला दवाखाना.

तोंड येतं, काहींना डोकं हलकं वाटतं, रात्री लख्ख स्वप्नं पडतात. मला स्वप्नात बिडी ओढल्याचं दिसायचं आणि घामेजून जाग यायची. हे बऱ्याच जणांना होतं.

मन उदास होतं, त्याबद्दल कोणी बोलत नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी मला कारण नसताना रडू आलं. तेव्हापासून मी साडेसहाला गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसू लागलो. पारावरची सोबतीची बिडी त्याच वेळेची होती. तिची जागा तिथं भरली. माणसं तीच, बसणं तेच, हातात फक्त टाळी. तुम्ही भजनी मंडळात जा, बुद्धविहारात जा, व्हॉलीबॉल पाहायला जा, पण ती वेळ घरी एकट्यानं काढू नका. उदासी दोन आठवड्यांवर टिकली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर डॉक्टरला सांगायला लाजू नका.

तेरवीची बिडी

अकराव्या दिवशी बाजूच्या गावात नात्यातली तेरवी होती. मांडवात ताट फिरलं: सुपारी, बिड्या, वर माचीस. दुःखाचं घर, समोर म्हातारे मामाजी, त्यांनी स्वतः उचलून दिली. मी घेतली. दोन झुरके मारले, डोकं गरगरलं, तोंड कडू झालं. मी ती मातीत दाबली आणि बाहेर जाऊन बसलो. मनात आलं की गेलं सगळं, आता पूर्णच ओढू.

तेव्हा खिशातला तोच कॅलेंडरचा कागद काढला आणि लिहिलं: ‘तेरवी, दुपारी २, दोन झुरके.’ दहा दिवस पुसले गेले नाहीत, त्यात दोन झुरके आले, एवढंच. धानाच्या बांधीला एका ठिकाणी फूट पडली तर माणूस तिथं माती टाकतो, सगळे धुरे फोडत नाही. त्या दिवशी करायचं एकच: कट्टा विकत घ्यायचा नाही, आणि परत येताना ठेल्यासमोरून यायचं नाही.

पुढच्या कार्यक्रमात काय करायचं तेही तिथंच सुचलं. तेरवी असो, लग्न असो, पोचल्याबरोबर वाढायला लागायचं. पाण्याचा जग किंवा वरणाची बादली हातात घ्यायची. ज्याच्या हातात बादली आहे त्याच्यासमोर कोणी बिडीचं ताट धरत नाही.

घरच्यांना

हे बायको-पोरांनी वाचावं. रोज ‘आज ओढली का?’ विचारू नका. तोंडाचा वास घेऊ नका. पहिला आठवडा पैशाचं, हिश्शाचं, पोरीच्या लग्नाचं बोलणं काढू नका. तो माणूस चिडेल, भांड्यावर राग काढेल, आणि तो राग तुमच्यावरचा नसतो. त्यानं नंतर माफी मागितली पाहिजे, मी मागितली.

माझ्या बायकोनं एक काम केलं. रोज सकाळी सदरा खुंटीवरून काढून द्यायच्या आधी ती डाव्या खिशात मूठभर फुटाणे बांधून टाकायची, जिथं कट्टा असायचा तिथंच. हात सवयीनं तिकडं जायचाच, तर काहीतरी लागायचं. आणि संध्याकाळी पाच वाजता, माझी येरझारा सुरू झाली की ती दारात चपला घालून उभी राहायची. ‘अवो, चला, धान पाहून येऊ’, म्हणायची. आम्ही नव्या रोवलेल्या बांध्यांच्या धुऱ्यावरून फिरून यायचो. परत येईपर्यंत दिवे लागलेले असायचे.